हाताला यश

मागच्या कार्तिकात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, तेल्हाऱ्यातील माझ्या दवाखान्यात ७४ वर्षांचे एक शेतकरी आजोबा आले. सोबत थोरला मुलगा आणि सून होती. आजोबांच्या उजव्या जांघेत तीन वर्षांपासून हर्निया होता. पूर्वी आडवे झाले की तो आपोआप आत जात असे. अलीकडे हाताने दाबून बसवावा लागत होता. एखाद्या रात्री आतडे त्यात अडकून पडले तर धावपळीत, बिघडलेल्या प्रकृतीत शस्त्रक्रिया करण्याची वेळ येईल, त्यापेक्षा आताच ठरवून केलेली बरी, असे मी समजावून सांगितले आणि अकोल्याच्या शासकीय रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहू लागलो.

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तिथं शिकणारे पोट्टेच आप्रेशन करतात म्हन्तात. बाबाच्या आंगावर हात बसवतीन काय?"

आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "ज्याच्या हाताले यश हाये असा मानूस पाहा बाप्पा. बाकी मले काई मालूम नाई."

वऱ्हाडात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, डॉक्टरची सर्वांत मोठी परीक्षा याच एका शब्दप्रयोगात घेतली जाते. पदवी, पाटी, यंत्रे हे सारे मागाहून. 'हाताला यश' असले की झाले. या बोलण्यात यश हे दैवाने दिलेले असते. एखाद्याला मिळते, एखाद्याला मिळत नाही. सुमारे ३० वर्षे मी रुग्णांना शल्यचिकित्सकांकडे पाठवीत आलो आहे आणि या प्रश्नाला बहुधा 'आहे, आहे, काळजी करू नका' असेच उत्तर देत आलो आहे. त्या दिवशी मात्र ते उत्तर ओठांवर आले नाही. हे यश येते कोठून, ते आधी ओळखता येते का आणि ते ओळखण्याची जबाबदारी कोणाची, हा विचार मनात घोळू लागला. त्याला कारण माझ्याच आयुष्यातील एक जुनी गोष्ट होती.

१९९३ साली मी एका शासकीय रुग्णालयात आंतरवासिता करीत होतो. एका रात्री सत्तरीतील एक गृहस्थ लघवी अडल्यामुळे तळमळत आले. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती. वरिष्ठ निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात गुंतले होते. नळी घालण्याचे काम माझ्याकडे आले. या नळीच्या टोकाशी एक लहान फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचली, की त्यात पाणी भरून फुगवतात, म्हणजे नळी निसटत नाही. नियम साधा आहे: नळी पूर्ण आत सरकवावी, लघवी वाहू लागलेली डोळ्यांनी पाहावी आणि मगच फुगा फुगवावा. माझी नळी वाटेत अडली. थोडा जोर लावल्यावर ती पुढे गेल्यासारखी वाटली. लघवी आली नव्हती, तरी जेलीमुळे तोंड बंद झाले असेल असे मानून मी फुगा फुगवला. तो मूत्राशयात नव्हता, मूत्रमार्गातच होता. त्या गृहस्थांची किंकाळी आणि मागोमाग आलेले रक्त मी आजही विसरलेलो नाही.

वरिष्ठ धावत आले. त्यांनी फुग्यातील पाणी काढले आणि पुढे ओटीपोटातून नळी घालून मूत्राशय मोकळे केले. गृहस्थ वाचले, पण जी अडचण अर्ध्या तासात सुटायची, तिच्यासाठी त्यांना दोन आठवडे खाटेवर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने मला अगदी शांतपणे विचारले, "तुमची पहिलीच वेळ होती का हो?"

मी म्हणालो, "नाही. मी दहा नळ्या घातल्या आहेत."

हे खोटे नव्हते. माझ्या नोंदवहीत दहा नळ्यांची नोंद होती आणि तिच्याखाली सहीही होती. पण त्यांपैकी सहा वेळा मी केवळ तबक धरून उभा होतो. उरलेल्या चार नळ्या तरुण रुग्णांच्या, वाट मोकळी असलेल्या. त्या घालताना माझ्या शेजारी उभे राहून माझा हात कोणी पाहिला नव्हता. आकडा पुरा होता, हात अपुरा होता. त्या बाईंना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या काळच्या पद्धतीचे मूळ पुष्कळ मागे आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सेच्या निवासी प्रशिक्षणाची घडी बसवली: तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली काम करावे, क्रमाक्रमाने जबाबदारी वाढवीत न्यावी. जगभरातील शल्यचिकित्सक कमीअधिक फरकाने याच साच्यातून घडले. पद्धत मोठी गुणाची होती, परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले होते, ते असे की पुरेसा काळ गेला म्हणजे कौशल्य येतेच. वॉर्डांमध्ये तिचे सूत्र गमतीने सांगितले जाई: एक पाहा, एक करा, एक शिकवा. वर्षे भरली की परीक्षा. त्या परीक्षेत रुग्ण तपासून निदान सांगावे लागे, उपकरणे ओळखावी लागत, तोंडी प्रश्नांची सरबत्ती होई. उमेदवाराचा हात प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत कसा चालतो, हे परीक्षक सहसा पाहत नसत.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांना ही उणीव ठाऊक होती, हे विशेष. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे हाताचा सराव, याला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर वेधण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा जाड कापडावर व मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्याचा बाहुलीच्या अवयवांवर. शास्त्र कितीही पाठ असले, तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्माला लायक नाही, असा त्या अध्यायाचा आशय आहे.

आधुनिक वैद्यकाला हाच मुद्दा शास्त्रीय पद्धतीने मांडायला वेळ लागला. १९९० साली जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने वैद्यकीय कौशल्याची चार पायऱ्यांची उतरंड मांडली. माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो आणि रोजच्या कामात खरोखर तसे करतो, अशा त्या पायऱ्या. आमच्या परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपत होत्या. रुग्णाचा संबंध येतो तो शेवटच्या दोन पायऱ्यांशी.

पुढे १९९७ च्या सुमारास कॅनडातील टोरांटो येथे रिचर्ड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शल्यचिकित्सकाचा हात मोजण्याचे एक मोजमाप तयार केले. परीक्षक शेजारी उभा राहून सात गोष्टी पाहतो: ऊतींना किती हळुवारपणे हाताळले, हालचाली नेमक्या होत्या की वायफळ, उपकरणे कशी धरली, त्यांची माहिती किती होती, मदतनिसांचा उपयोग कसा करून घेतला, पुढची पायरी आधीच मनात होती का, आणि त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचे ज्ञान किती होते. प्रत्येकाला एक ते पाच गुण. आपले आजोबा ज्याला 'यश' म्हणतात, त्याचे हे सात घटक म्हणावेत.

असे गुण दिल्याने रुग्णाला काय लाभ, असे कोणी विचारील. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात डोळे उघडणारा आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यचिकित्सकांनी आपापल्या एका शस्त्रक्रियेचे चित्रीकरण दिले. ते कोणाचे हे न सांगता समव्यवसायी शल्यचिकित्सकांनी त्याला कौशल्याचे गुण दिले. नंतर त्याच २० जणांच्या रुग्णांचे पुढे काय झाले ते ताडून पाहिले. कौशल्यात सर्वांत खालच्या चौथाईतील शल्यचिकित्सकांच्या रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली. सर्वांत वरच्या चौथाईत हेच प्रमाण ५.२ टक्के होते. हे सारे अनुभवी, पूर्ण शिकलेले शल्यचिकित्सक होते. म्हणजे वर्षे भरल्याने हात सारखे होत नाहीत, आणि जाणकाराने नीट पाहिले तर हातांमधला फरक दिसतो.

या विचारातून जी पद्धत उभी राहिली, तिला क्षमताधिष्ठित मूल्यमापन म्हणतात. किती वर्षे काढली यापेक्षा काय करून दाखवले याला तिच्यात महत्त्व आहे. टोरांटोत २००९ साली अस्थिशल्य विभागात ती पूर्णपणे राबवून पाहिली गेली आणि २०१७ पासून कॅनडाने टप्प्याटप्प्याने सर्व विशेष शाखांत ती आणायला आरंभ केला. आपल्या देशात एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला. पदव्युत्तर शाखांसाठीही, शल्यचिकित्सा धरून, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तशीच मार्गदर्शक तत्त्वे आहेत. निवासी डॉक्टरने तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे, असा जिल्हा निवासी कार्यक्रमही आला आहे. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाबाहेरच्या रुग्णालयांतही शिकणारे डॉक्टर आता आपल्याला भेटतात. त्यांना कसे जोखले जाते, हे म्हणूनच प्रत्येक घराने समजून घ्यावे असे मला वाटते.

ही पद्धत मला पुस्तकातून कमी आणि माझ्या भाचीकडून अधिक समजली. ती सध्या शल्यचिकित्सेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस आमच्याकडे आली होती. चहा पिताना एका हाताने झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधून गाठी मारायची. सकाळी केळ्याच्या सालीवर टाके घालायची. माझ्या पत्नीने केळी लपवून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तिने कापसाच्या जुन्या उशीचा अभ्रा घेतला. सुश्रुताची योग्या आमच्या ओसरीवर चालली होती.

तिने आपली नोंदवही मला दाखवली. प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे तिचा सहभाग कोणता, हे वेगवेगळे लिहिलेले: पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, स्वतंत्रपणे केली. शेजारी शिक्षकाचा शेरा. हर्नियाच्या एका शस्त्रक्रियेपुढे लिहिले होते, 'अजून देखरेख हवी.'

"मामा, त्या रात्री मी रडले," ती म्हणाली. "शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला."

"मग हा शेरा कशासाठी?"

तिने समजावून सांगितले. जांघेच्या त्या भागातून एक बारीक मज्जातंतू जातो. जाळी बसवताना तो टाक्यात सापडला, तर हर्निया बरा होऊनही रुग्णाला जांघेत महिनोन् महिने वेदना राहू शकतात. त्या दिवशी तो टाक्यात सापडला नव्हता. पण तो ओळखून बाजूला केल्यामुळे वाचला असेही नव्हते. सरांनी विचारले, 'तो कुठे आहे?' आणि तिला दाखवता आला नाही. पुढच्या तीन शस्त्रक्रियांत सरांनी तिला तेवढीच एक पायरी करायला लावली. चौथ्या वेळी तिने न विचारता तो मज्जातंतू दाखवला, तेव्हा शेरा बदलला.

मी तिला १९९३ च्या रात्रीची गोष्ट सांगितली. ३० वर्षांत ती मी कोणालाही सांगितली नव्हती. ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "मामा, तुमच्या वहीत सही कोणी केली होती?" ज्यांनी सही केली, ते मनाने वाईट नव्हते. पन्नास खाटांच्या वॉर्डात ते एकटे होते आणि महिनाअखेरीस सर्वांच्या वह्या एकदम समोर आल्या होत्या.

याच ठिकाणी या नव्या पद्धतीची खरी कसोटी आहे. कागद बदलला म्हणून माणूस बदलत नाही. जेथे रुग्णांची रीघ आहे आणि शिक्षक अपुरे आहेत, तेथे उत्तमातला उत्तम तक्ताही महिनाअखेरीस एका बैठकीत भरला जाऊ शकतो. शिवाय आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणाची मुदत तीन वर्षांचीच आहे. कोणाचा हात दोन वर्षांत तयार होतो, कोणाला चार लागतात, पण दिनदर्शिका दोघांनाही सारखीच. 'अजून नाही' असे लिहिण्यासाठी शिक्षकाला वेळ हवा, धैर्य हवे आणि संस्थेचे पाठबळ हवे. ते लिहिले म्हणून विद्यार्थ्याचा अपमान झाला असे न मानण्याची सवयही सर्वांना लागायला हवी. आणखी एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात पुरती मावत नाही: रुग्णाच्या भीतीची जाण. ती शिक्षकाला पाहून येते किंवा येत नाही.

मग आपल्या आईवडिलांना शिकणाऱ्या डॉक्टरच्या हाती सोपवावे का? माझे उत्तर असे आहे. आज ज्या निष्णात शल्यचिकित्सकाचा हात आपण शोधतो, तोही कधीतरी कोणाच्या तरी वडिलांवरच तयार झालेला आहे. शिकणाऱ्याला टाळणे हा उपाय होऊ शकत नाही. तो कोणाच्या नजरेखाली शिकतो आहे, हे विचारणे हा उपाय आहे. आणि हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नम्रपणे, न घाबरता चार गोष्टी विचाराव्यात. मुख्य शस्त्रक्रिया कोण करणार? निवासी डॉक्टर करणार असतील, तर वरिष्ठ त्या खोलीत असतील की केवळ बोलावल्यावर येतील? अशा वयाच्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला कोणती गुंतागुंत होऊ शकते? आणि शस्त्रक्रियेनंतर रात्री काही झाले, तर पाहायला कोण येईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. आपल्याकडूनही एक सचोटी हवी: रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, जुने आजार, आधीच्या शस्त्रक्रिया यांतले काहीही लपवू नये.

याच न्यायाने आपण घरातली माणसेही थोडी पारखून घ्यावीत. रुग्ण घरी सोडताना परिचारिका सांगते, 'लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची, इन्सुलिन असे टोचायचे, जखम अशी पुसायची. समजले ना?' आणि आपण 'हो' म्हणतो. समजणे ही उतरंडीची केवळ खालची पायरी झाली. अलीकडे मी माझ्या दवाखान्यात 'समजले का' असे विचारणे सोडले आहे. 'आता माझ्यासमोर एकदा करून दाखवा,' असे सांगतो. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये मात्रा भरताना थोरामोठ्यांची चूक होते, ती अशीच सापडते. आणि एकदा सापडली की दोन मिनिटांत सुधारते. काळजीवाहू माणसाने तरी हे मागून घ्यावे: 'सिस्टर, मी करतो, तुम्ही पाहा.'

त्या दिवशी दवाखान्यात हे सारे मी आजोबांच्या मुलाला सांगितले नाही. एवढा वेळही नव्हता. फक्त वरचे चार प्रश्न चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून दिले. तो ते घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी आजोबा जखम दाखवायला आले. सुनेने घरची मलमपट्टी स्वच्छ ठेवली होती. रुग्णालयातून निघण्यापूर्वी तिच्याकडून ती दोनदा करवून घेतली होती, असे ती म्हणाली. जखम कोरडी, छान भरलेली होती. कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया झाल्याने आजोबा पूर्ण जागे होते आणि पडद्याआडचे सगळे ऐकत होते.

"एका पोरीनं केलं आप्रेशन," ते म्हणाले. "मोठे डाक्तर संगंच उभे होते. दोनदा 'थांब' म्हनले ते तिले. पहिल्यांदा मले भेव वाटलं. मंग वाटलं, थांब म्हननारा हाये, तं बरं हाये."

निघताना त्यांनी कापसाची गाठोडी उचलता येतील का, असे विचारले. मी दीड महिना नाही म्हटले. त्यांनी महिन्यावर आणण्याचा प्रयत्न केला. मी मान्य केले नाही. मुलगा हसला आणि त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवून घेऊन गेला.

दार लागल्यावर मी काही वेळ तसाच बसून राहिलो. १९९३ च्या त्या रात्री माझ्या शेजारी 'थांब' म्हणणारे कोणी असते, तर त्या गृहस्थांचे दोन आठवडे वाचले असते.